औषधाचा ताळा



गेले तीन-चार महिने इथे काही लिहिलं नाही, म्हणून बऱ्याच जणांनी फोन करून विचारलं. प्रकृती उत्तम आहे, गुडघे सोडून. एक विषय डोक्यात घोळत होता आणि तो थोडा तरी समजून घेतल्याशिवाय लिहायला बसायचं नाही असं ठरवलं होतं. त्यात वेळ गेला.

विषय आहे ताळ्याचा. ताळमेळातला ताळा. आजच्या मुलांना हा शब्द ठाऊक नसतो, माझ्या नातीला मी परवा विचारलं तर तिला वाटलं मी कुलपाबद्दल हिंदीत बोलतेय! मी खरं तर मराठी आणि इतिहास शिकवणारी, बी.ए.सुद्धा मराठी माध्यमातून केलेली. पण शाळेत शिक्षक कमी पडले म्हणून एका वर्षी पाचवी-सहावीचं गणित माझ्या गळ्यात पडलं आणि पुढे बारा वर्षं ते माझ्याकडेच राहिलं. "उत्तर आलं म्हणजे झालं नाही, ताळा करा," हे वाक्य फळ्यापुढे उभं राहून किती वेळा म्हटलं असेल, त्याची गणती नाही.

नऊचा ताळा आमच्या पिढीतल्या सगळ्यांना आठवत असेल. गुणाकाराच्या दोन्ही संख्यांच्या अंकांची बेरीज करायची, नऊ टाकायचे, उत्तराच्या अंकांशी जुळवायचं. जुळलं तर उत्तर बहुधा बरोबर. "बहुधा" हा शब्द मुद्दाम वापरलाय, कारण या ताळ्याला एक मोठं भोक आहे. ४५ च्या जागी ५४ लिहिलंत तर त्याला पत्ता लागत नाही, दोन्हींची बेरीज नऊच. आणि १५ च्या जागी १.५ लिहिलंत तरी त्याला कळत नाही. दशांशचिन्ह त्याला दिसतच नाही.

वर्गात दशांशचिन्ह चुकलं तर एक मार्क जातो. कॅन्सरच्या लहान मुलांच्या वॉर्डात चुकलं तर औषध दहापट जातं.

हे माझ्या डोक्यात कुठून आलं ते सांगते. माझ्या धाकट्या दिरांच्या नातवाला दोन वर्षांपूर्वी रक्ताचा कॅन्सर निघाला. नात्यातल्यांना सगळं माहीत आहेच. बाकीच्यांसाठी त्याला इथे सोन्या म्हणते. वय तेव्हा पाच. त्याच्या आईने, म्हणजे आमच्या सूनबाईने, "काकू, लिहा, पण नाव नको" असं सांगितलंय. मुंबईला परळला टाटा हॉस्पिटलमध्ये उपचार सुरू झाले. पहिले काही महिने ही मंडळी दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत राहिली. मग पंचवटी एक्सप्रेसने जाऊन-येऊन, आणि मधली काही इंजेक्शनं व तपासण्या इथे नाशकात. पोरगं छान आहे. केस परत आलेत, पूर्वीपेक्षा दाट. शाळेतही जातं.

आता हे "छान आहे" म्हणता येतं, त्यामागे केवढं काम आहे ते मी वाचून काढलं. १९४७-४८ पर्यंत या आजाराची मुलं काही आठवड्यांत, काही महिन्यांत जायची. बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी १६ अत्यवस्थ मुलांना अमिनोप्टेरिन नावाचं औषध दिलं, त्यातल्या १० जणांना तात्पुरता का होईना आराम पडला, आणि १९४८ च्या जूनमध्ये ते छापून आलं. ते औषध बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीतल्या संशोधनाचे प्रमुख कोण? तर आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते वारले. आपल्या पाठ्यपुस्तकांत मी त्यांचं नाव कधी पाहिलं नाही, इतिहास शिकवूनही. असो. आज सोन्या ज्या मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या घेतो ते त्याच अमिनोप्टेरिनचं धाकटं भावंड.

पुढे १९८० च्या दशकात टाटामध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या मदतीने, आपल्या परिस्थितीला झेपेल असा या मुलांसाठी उपचारांचा आराखडा राबवला. आधी जिथे बहुतेक मुलं हातची जात होती तिथे निम्म्याहून अधिक वाचू लागली. आजची जगाची स्थिती जागतिक आरोग्य संघटना सांगते ती अशी, की दरवर्षी सुमारे ४ लाख मुलामुलींना कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत त्यातली ८० टक्क्यांहून जास्त बरी होतात आणि गरीब व मध्यम देशांत ३० टक्क्यांहूनही कमी. औषधं बहुतेक तीच. फरक निदान उशिरा होण्याचा, उपचार मध्येच सुटण्याचा, औषधं न मिळण्याचा. आणि थोडा फरक औषध नीट न दिलं जाण्याचाही. या शेवटच्या गोष्टीबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. मला वाटतं, बोलायला हवं, आणि आईबापांना त्यात सामील करून घ्यायला हवं. नुसतं पाहुणे म्हणून नव्हे, ताळा करणारे म्हणून.

मुलांचं औषध मोठ्यांच्या औषधापेक्षा अवघड का, हे मला आधी कळत नव्हतं. आपल्याला डॉक्टर सांगतात, सकाळी एक, रात्री एक. या मुलांचं तसं नसतं. उंची आणि वजन घेऊन अंगाचं क्षेत्रफळ काढतात, चौरस मीटरमध्ये, आणि त्या हिशेबाने मात्रा. एक सोपं सूत्र आहे: सेंटिमीटरमधली उंची गुणिले किलोतलं वजन, भागिले ३६००, आणि त्याचं वर्गमूळ. उंची ११० आणि वजन १८ असेल तर येतात ०.७४ चौरस मीटर. मी वहीत करून पाहिलं, दोनदा. आता घाईत १८ चे २८ लिहिले गेले तर? ०.९३ येतात. म्हणजे प्रत्येक औषध पाव पट जास्त. आणि गंमत अशी, की पुढचं सगळं गणित अगदी बिनचूक करूनही उत्तर चुकीचंच.

मर्कॅप्टोप्युरिन नावाच्या गोळीचं बघा. समजा चौरस मीटरला रोज ६० मिलिग्रॅम द्यायचंय. ०.७४ च्या मुलाला ४४ होतात. गोळी ५० ची. आता ४४ मिलिग्रॅमचा तुकडा कोणती आई सुरीने कापणार? म्हणून आठवड्याचा हिशेब करतात: पाच दिवस एक गोळी, दोन दिवस अर्धी. आठवड्याच्या सहा गोळ्या. आणि मेथोट्रेक्सेट, तेच सुब्बारावांवालं, रोज नाहीच. आठवड्यातून एकदा. अडीच मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या एकदम, एकाच दिवशी. म्हणजे एका डब्यात दोन प्रकारच्या पिवळट गोळ्या. दोन्हींच्या आठवड्याला सहाच. पण एक रोज वाटून घ्यायची आणि एक एकदाच. सातवीच्या मुलांना मी असं शाब्दिक उदाहरण घातलं असतं तर पालक तक्रार घेऊन आले असते. आणि हे घरी, आईने, दीड-दोन वर्षं न चुकता सांभाळायचं.

मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतलं तर तोंड सोलवटतं, रक्त तयार होणं थांबतं, माणूस दगावतो. संधिवातासाठीही हेच औषध आठवड्यातून एकदा देतात आणि मोठी शहाणी माणसंही ते रोज घेऊन बसल्याची उदाहरणं जगभर आहेत.

आमच्या घरी हे जवळपास घडलंच होतं. कुठल्या दुकानात ते लिहीत नाही, त्याची गरजही नाही. चिठ्ठीवर औषधाचं नाव आखूड करून लिहिलेलं, पुढे आकडा सहा, आणि पुढे दोन इंग्रजी अक्षरं, जी मला आजही वाचता येत नाहीत. दुकानातल्या मुलाने कागदी पाकिटावर पेनाने लिहून दिलं: रोज रात्री ६. सूनबाईने पाकीट हातात घेतलं आणि म्हणाली, "दादा, हे गुरुवारचं आहे." तो म्हणे, "ताई, चिठ्ठीत जे आहे तेच लिहिलंय." ती हटली नाही. तिथूनच फोन लावला आणि पाकिटावरचं खोडून घेतलं.

तिला कसं कळलं? मुंबईला एका सिस्टरने पहिल्याच महिन्यात तिला सांगितलं होतं, घरी गेल्यावर कालनिर्णयवर सगळ्या गुरुवारांना लाल गोल कर, आणि गोल नसलेल्या दिवशी ही गोळी कुणी द्यायला सांगितली तर आधी आम्हाला विचार. बस्स. दहावी झालेली मुलगी, इंग्रजी जेमतेम. त्या सिस्टरने तिला वेगळ्या वाटेने उत्तर काढायला शिकवलं होतं. चिठ्ठी वाचून नव्हे, भिंतीवरच्या कॅलेंडरवरून. म्हणून चिठ्ठीतला घोळ तिला पकडता आला. तीच चिठ्ठी तिने पुन्हा पुन्हा वाचली असती तर त्या दोन अक्षरांपाशीच अडकली असती, माझ्यासारखी.

खऱ्या ताळ्याची हीच खूण. एकाने केलेलं गणित दुसऱ्याने नुसतं डोळ्यांखालून घालायचं आणि "बरोबर" म्हणून सही ठोकायची, याला ताळा म्हणत नाहीत. शाळेत बाकावरच्या शेजाऱ्याची वही बघून मुलं "ताळा" करायची तसंच ते. दुसऱ्याने पहिल्याचं उत्तर झाकून, वजन-उंचीपासून सुरुवात करून, स्वतः काढायला हवं. मगच दोन उत्तरं शेजारी ठेवायची.

हे न झाल्याने काय होतं त्याचं एक उदाहरण जगप्रसिद्ध आहे. ते मोठ्या बाईचं आहे, मुलाचं नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण ते घडलं फार्बर यांचंच नाव लावणाऱ्या बोस्टनच्या इस्पितळात. बेट्सी लेहमन ही 'बोस्टन ग्लोब' या वर्तमानपत्रात आरोग्यावर लिहिणारी पत्रकार. स्तनाच्या कॅन्सरसाठी दाखल झालेली. चार दिवसांत मिळून द्यायची औषधाची मात्रा तिला चारही दिवस, दररोज, पूर्ण दिली गेली. म्हणजे चौपट. ३ डिसेंबर १९९४ ला ती गेली, अवघी ३९ वर्षांची. डॉक्टर, औषधं बनवणारे, नर्सेस, सगळ्यांच्या हातांतून तो कागद गेला होता. काहीतरी बिनसलंय असं तिला स्वतःला जाणवत होतं, ती तसं सांगतही होती. चूक सापडली ती फेब्रुवारी १९९५ मध्ये, आणि तीही आकडे नोंदवून ठेवणाऱ्या लोकांना. त्यानंतर त्या इस्पितळाने बरंच काही बदललं. त्यात मला सर्वात महत्त्वाचं वाटलं ते हे, की रुग्ण आणि नातेवाईक यांची एक कायमची परिषद नेमली आणि त्यांना इस्पितळाच्या कामकाजात बसवलं. जगातल्या नामांकित कॅन्सर इस्पितळाला जे करायला कमीपणा वाटला नाही, ते आपल्याकडे का वाटावं?

आता सदाफुलीकडे येते. आपल्या प्रत्येक अंगणात असते, गुलाबी किंवा पांढरी, पाणी घाला न घाला फुलतेच. तिच्यापासून व्हिन्क्रिस्टिन नावाचं औषध निघतं, १९६० च्या दशकापासून वापरात आहे, आणि सोन्यासारख्या मुलांच्या उपचारात ते असतंच असतं. ते फक्त शिरेतून द्यायचं. याच मुलांना अधूनमधून दुसरं औषध पाठीच्या कण्यात टोचून देतात, तेच मेथोट्रेक्सेट. कित्येकदा दोन्ही एकाच दिवशी. दोन सिरिंजा एकाच ट्रेमध्ये आल्या, आणि शिरेतली कण्यात गेली, तर माणूस वाचणं जवळजवळ अशक्य. जानेवारी २००१ मध्ये इंग्लंडात नॉटिंगहॅमला १८ वर्षांच्या एका मुलाच्या बाबतीत हे झालं. त्याचा ल्युकेमिया आटोक्यात आला होता. महिनाभरात तो गेला. एका डॉक्टरला पुढे तुरुंगवासही झाला. त्याआधी त्याच देशात अशीच चूक अनेकदा होऊन गेली होती आणि प्रत्येक वेळी अधिक काळजी घ्या, अशा सूचना निघाल्या होत्या.

"काळजी घ्या" हे सांगणं मला आताशा फार पोकळ वाटतं. आम्हीही वर्गात म्हणायचो, "लक्ष दे!" लक्ष दे म्हटल्याने कुणाचं लक्ष लागलंय?

उपाय निघाला तो साधा. व्हिन्क्रिस्टिन सिरिंजमध्ये भरायचंच नाही. सलाईनच्या छोट्या पिशवीत मिसळायचं आणि पिशवी लटकवूनच द्यायचं. पाठीत टोचायला कुणी पिशवी घेऊन येत नाही. पिशवी दिसली की हात आपोआप थांबतो. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २००७ मध्ये साऱ्या जगाला हेच करायला सांगितलं. खर्च किती? एका सलाईनच्या पिशवीचा. तरी जिथे जिथे मुलांना हे औषध देतात तिथे तिथे पिशवीच वापरली जाते का, हे विचारायचा हक्क मुलाच्या आईला आहे असं माझं मत आहे. आणि विचारलं म्हणून तिच्याकडे कुणी "ही कोण शहाणी" अशा नजरेने पाहू नये.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण वेगळंच आहे. फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झालं, की तीन वर्षांत देशातल्या सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कॅन्सरची डे केअर केंद्रं काढणार, त्यातली २०० तर २०२५-२६ मध्येच. महाराष्ट्र सरकारनेही त्याच वर्षी कॅन्सरच्या उपचारांचं तीन पायऱ्यांचं जाळं मंजूर केलं. मला याचा मनापासून आनंद आहे. पहाटे चारला उठून, पोराच्या तोंडाला मास्क बांधून, कसाऱ्याचा घाट उतरून एका इंजेक्शनसाठी परळला जाणं म्हणजे काय, ते सूनबाईला विचारा. सुरगाण्याहून, पेठहून येणाऱ्यांना तर आधी नाशिक रोड गाठायलाच अर्धा दिवस. मजुरी बुडते, धाकटी भावंडं शेजाऱ्यांकडे, आणि शेवटी माणूस कंटाळून उपचार सोडतो. उपचार जवळ येणं हे अर्ध्या मुलांसाठी जगणंच आहे.

पण जे काम एका मोठ्या इस्पितळात वर्षानुवर्षं रोज करून हाताला बसलेलं असतं, ते आता अशा ठिकाणी होणार जिथे आठवड्याला दोन मुलं येतील. केमो मिसळायला वेगळी खोली आणि वेगळा माणूस असेल का? की वॉर्डातली सिस्टर, एका हातात मोबाईल, दुसऱ्या बाजूला तीन नातेवाईक, "सिस्टर आमची सलाईन संपली," अशा गदारोळात बाटली फोडणार? खुर्च्या येतील, यंत्रं येतील, फीत कापली जाईल. ताळा करणारा दुसरा माणूस येईल का, हा प्रश्न उद्घाटनाच्या आधी विचारायला हवा. नंतर कोण विचारतं?

वजनाचंच घ्या. एकदा मी सोन्याबरोबर गेले होते, मुंबईला नाही, दुसरीकडे. टेबलावरून विचारलं, "वजन किती?" सूनबाई म्हणाली, "मागच्या वेळी अठरा होतं." लिहिलं अठरा. काटा चार पावलांवर होता. स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असल्या की ही मुलं फुगतात, पुढच्या महिन्यात उलट्यांनी वाळतात. मी म्हटलं, "अहो, बघू या ना एकदा काट्यावर." बघितलं. किती भरलं ते महत्त्वाचं नाही, पण अठरा नव्हतं. रागावलं कुणी नाही, खरं सांगायचं तर त्या बाई दमलेल्या होत्या. ओपीडीत शंभर माणसं. म्हणूनच म्हणते, काटा टेबलाला चिकटून असावा आणि उंची-वजन मोठ्याने वाचून, आईला ऐकवून लिहावं.

यावर मला आमच्या ओळखीतल्या एका डॉक्टरांनी दोन आक्षेप घेतले. एक, आईबापांना एवढं सांगितलं तर ते घाबरतात. दुसरा, खेड्यातल्या अडाणी लोकांना काय कळणार? पहिल्याचं उत्तर असं, की घाबरलेले ते असतातच. मुलाला कॅन्सर आहे म्हटल्यावर आणखी काय घाबरायचं राहिलं? हाताला काम मिळालं की भीती उलट कमी होते, हे मी सूनबाईत पाहिलंय. दुसऱ्या आक्षेपाने मात्र मला राग आला. अडाणी बाई दूध किती लिटर घातलं, किती पैसे आले, हे महिनाभर भिंतीवर कोळशाच्या रेघा मारून ठेवते आणि डेअरीवाल्याची चूक दाखवून देते. तिला सहा गोळ्या मोजता येत नाहीत? तिच्या भाषेत सांगितलं तर.

एक तिसरा आक्षेप मी स्वतःच घेते. आईला ताळा करायला सांगितलं, म्हणजे उद्या चूक झाली की "तुम्ही का नाही बघितलं?" असं तिच्याच अंगावर ढकलणार. हे होऊ शकतं आणि ते मला मान्य नाही. आई ही शेवटची चाळण. आधीच्या चाळण्यांना भोकं पाडायचा परवाना नव्हे.

आणि सिस्टरवर सगळं ढकलायचं, तेही नको. आमच्या शाळेत एक मास्तर होते, एका चुकीला एक छडी. त्यांच्या वर्गातल्या वह्या सगळ्यात स्वच्छ. का, तर मुलं चूक दिसली की पानच फाडायची. जिथे चूक सांगितली की नोकरी जाते तिथे चूक सापडणार कशी? थोडक्यात टळलेली चूकही लिहून ठेवायला हवी, नाव न लावता. ते दुकानातलं पाकीट कुठे नोंदवायचं, हे आम्हालाही तेव्हा माहीत नव्हतं. आता कळलंय ते इथे लिहून ठेवते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल: औषधाचा दुष्परिणाम झाला तर २०१० पासून चालू असलेला केंद्र सरकारचा औषध दक्षता कार्यक्रम आहे, टोल फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४. सामान्य माणूसही कळवू शकतो.

औषधच मुळात खराब असलं तर मात्र आपला कुठलाच ताळा चालत नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरॉलने १४ रुग्ण गेले, न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला, तो काळ आमच्या पिढीला आठवतो. त्यानंतर जवळजवळ ४० वर्षांनी, २०२५ मध्ये, तेच विष खोकल्याच्या औषधात सापडलं. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची वीसहून अधिक मुलं गेली, त्यांतली कित्येक उपचारांसाठी नागपूरला आणलेली. आणि २०२२ मध्ये येमेनमध्ये ल्युकेमियाची मुलं दगावली, तेव्हा त्यांना दिलेल्या भारतात बनलेल्या मेथोट्रेक्सेटमध्ये जंतू सापडले. हे वाचून मी सोन्याच्या गोळ्यांची स्ट्रिप उलटसुलट करून पाहत बसले. त्यात मला काय दिसणार होतं? तिथे सरकारनेच जागं राहायला हवं. आईने बाटलीवरचा बॅच नंबर लिहून घ्यावा, एवढंच तिच्या हातात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ पासून १७ सप्टेंबर हा रुग्णसुरक्षा दिन ठरवलाय. (आपल्याकडे तो मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, त्यामुळे झेंडावंदनात हा बिचारा दिवस झाकला जातो.) २०२५ चा त्यांचा विषयच होता नवजात आणि लहान मुलांची सुरक्षा. महाराष्ट्रात खाजगी रुग्णालयांनी रुग्णांच्या हक्कांची सनद दिसेल अशी लावावी, असा नियम २०२१ मध्ये झाला. मी गेल्या काही महिन्यांत जिथे जिथे गेले तिथे ती शोधली. एके ठिकाणी सापडली, कुंडीच्या मागे.

म्हणून सध्या माझं एक काम चाललंय. सूनबाई आणि मी मिळून एक कार्ड तयार केलंय, पोस्टकार्डाएवढं, मराठीत. वरती वजन, उंची आणि कधी मोजली ती तारीख. खाली दोन रकाने: "रोजची गोळी" आणि "आठवड्याची गोळी". आकडा अंकात आणि अक्षरातही, चेक लिहितो तसा. आठवड्याच्या रकान्यात वार, मोठ्या अक्षरात. सोन्याच्या मुंबईच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी ते वाचलं, आणि आकडे आईने नाही तर दर भेटीला आम्हीच भरून सही करू म्हणाले. मला हेच हवं होतं.

माझी एक जुनी विद्यार्थिनी सुरगाणा तालुक्यात शिक्षिका आहे. ती हेच कार्ड चित्रांत करतेय, कोकणा बोलणाऱ्या आयांसाठी. सूर्य म्हणजे सकाळ, चंद्र म्हणजे रात्र, इथवर सोपं होतं. "आठवड्यातून फक्त एकदा" याचं चित्र काही जमेना. शेवटी तिनेच तोड काढली: बाजाराचा दिवस. डोक्यावर पाटी घेतलेली बाई, तिच्या शेजारी सहा गोळ्या. बाजार आठवड्यातून एकदाच भरतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही.

ज्यांना कार्ड हवं असेल त्यांनी कळवा, झेरॉक्स पोस्टाने पाठवते. चित्रांचं अजून पुरं व्हायचंय, त्याला दिवाळीपर्यंत वेळ लागेल.